येमेल्या चुलीवर कसा झोपायचा? ‘पेच’ या रशियन शब्दाची गोष्ट

लहानपणी वाचलेल्या रशियन लोककथांत येमेल्या नावाचा एक पोरगा होता. दिवसभर चुलीवर लोळत पडायचा. भावजया म्हणायच्या, ‘जा, नदीवरून पाणी आण,’ आणि हा चुलीवरून खाली उतरायला तयार नसायचा. हे वाचलं की मी अडकायचो. आजोळची चूल मला ठाऊक होती. मातीने सारवलेली, एका बाजूला वैल, पुढे राखेचा ढीग. तिच्यावर भाकरीचा तवा जेमतेम बसायचा. तिथे माणूस झोपणार कसा, आणि झोपलाच तर भाजणार कसा नाही?

यात अनुवादकाची चूक नव्हती. मूळ रशियन कथेत जी वस्तू आहे तिला मराठीत शब्दच नाही. चूल म्हटलं तर ती फार मोठी, भट्टी म्हटलं तर फार घरगुती, शेगडी तर नाहीच नाही. रशियनमध्ये तिचं नाव ‘पेच’. ओठांवर किंचित ‘प्येच’ असं येतं, आणि शेवटचा च चहातला, चुलीतला नव्हे. आपल्याकडे पतंगाचा पेच असतो, पेचप्रसंग असतो, पण तो शब्द फारसीतून आला आणि त्याचं या पेचशी काही नातं नाही. नातं आहे ते आपल्या दुसऱ्याच एका शब्दाशी. त्याच्याकडे जाण्याआधी वस्तू बघून घेऊ.

रशियन खेड्यातलं जुनं घर म्हणजे ओंडक्यांची ‘इझ्बा’, बहुतेक वेळा एकाच मोठ्या खोलीची. त्या खोलीची साधारण पाव जागा पेच व्यापते. आधी ती चिकणमाती ठोकून बांधत, पुढे विटांची झाली, आणि हजाराच्या वर विटा तिच्यात सहज जातात. ती बांधणारा कारागीर ‘पेच्निक’, आणि त्याला गावात मान असे, कारण पेच बिघडली तर हिवाळ्यात घरच बंद पडतं. समोर कमानीसारखं तोंड, आत घुमटाकार पोकळी. जाळ या पोकळीतच करायचा. लाकडं जळून गेली की निखारे बाजूला ओढायचे, आतली फरशी झाडायची, आणि मग तापलेल्या त्या रिकाम्या पोटात पाव आणि हंड्या सरकवून तोंडावर झाकण लावायचं. म्हणजे आपल्यासारखं जाळावर शिजत नाही. जाळ विझल्यावर, विटांनी साठवलेल्या आणि हळूहळू उतरत जाणाऱ्या उष्णतेत शिजतं. सकाळी एकदा पेटवली की घर दिवसभर ऊबदार राहतं, कडाक्याच्या थंडीत दोनदा पेटवतात. वरचा भाग सपाट असतो. जाळ आणि वरचा माणूस यांच्यामध्ये विटांचा आणि मातीचा जाड थर असतो, त्यामुळे वर फक्त ऊब पोचते. म्हातारी माणसं, पोरं आणि येमेल्या तिथे झोपत.

स्वयंपाकाचा एक तपशील मला फार आवडतो. आत हात घालणं अशक्य, म्हणून लांब दांड्याचं, टोकाला बैलाच्या शिंगांसारखे दोन बाक असलेलं एक अवजार असतं, त्याला ‘उख्वात’ म्हणतात. आणि बिडाची हंडी, ‘चुगुनोक’, बुडाशी निमुळती आणि वर फुगीर केलेली असते. ती अशी का? कारण उख्वातची शिंगं निमुळत्या बुडाच्या दोन बाजूंनी आत शिरतात आणि फुगीर पोटाखाली अडकतात, की हंडी उचलली गेली. पेचच्या तोंडातून आत-बाहेर होताना ती कलंडत नाही. पाव आत टाकण्याआधी बाई फरशीवर चिमूटभर पीठ टाकून बघे. पीठ लगेच काळं पडलं तर अजून थांबायचं, हळूहळू बदामी झालं तर वेळ झाली. तव्यावर पाण्याचा शिपका मारून बघणाऱ्या हाताला हे वेगळं समजावून सांगायला नको. याच उतरत्या धगीत दूध तासन्‌तास ठेवलं की त्याला बदामी रंग आणि वर तांबूस साय येते. गावाकडे वैलावर दिवसभर राहिलेल्या दुधाची चव ज्यांच्या जिभेवर आहे, त्यांना ही चव अर्धी कळलेलीच आहे.

आता शब्दाकडे. रशियन शिकणाऱ्याला पहिला धक्का हा बसतो, की ‘पेच’ हे नामही आहे आणि क्रियापदही. नाम म्हणून ती वस्तू, क्रियापद म्हणून ‘भाजणं’, पण सगळं भाजणं नव्हे, मुख्यतः पिठाचं. पाव, भरलेले ‘पिरोगी’, बिस्किटं हे सगळं ‘पेच’ करायचं. पाण्यात शिजवण्याला वेगळं क्रियापद, तळण्याला वेगळं. गंमत अशी की ‘ब्लिनी’, म्हणजे त्यांची पातळ धिरडी, आज गॅसवर तव्यात होतात, तरी रशियन माणूस त्यांना ‘पेच’च करतो. एके काळी ती पेचमध्ये होत, सवय शब्दात उरली. एखादा माणूस भराभर काही तयार करत सुटला, तर तो ‘धिरडी पाडल्यासारखं’ पाडतोय असं म्हणतात, तिथेही हेच क्रियापद. आणि उन्हाळ्यात ऊन चटके देतं तेव्हा सूर्यही हेच करतो. आपण ‘ऊन भाजतंय’ म्हणतो, तसंच अगदी.

हे क्रियापद चालवून बघा. मी भाजतो: ‘पेकू’. तू भाजतोस: ‘पेच्योश’. तो भाजतो: ‘पेच्योत’. ते भाजतात: ‘पेकूत’. मूळ एकच, पण कुठे क, कुठे च. पाव भाजणारा तो ‘पेकार’, आणि त्याने केलेलं बिस्किट ते ‘पेचेन्ये’.

क आणि च यांची ही अदलाबदल मराठी माणसाने कुठे तरी पाहिलेली आहे. स्वयंपाक आणि पचन. पाककृती आणि पचणं. पक्व आणि पचवणं. संस्कृतात धातू ‘पच्’, अर्थ शिजवणं, आणि त्याचं नाम ‘पाक’. रशियन ‘पेक-/पेच-’ आणि आपलं ‘पाक/पच्’ एकाच मुळाचे दोन फुटवे आहेत. या दोन्ही भाषांची जी पूर्वज, भाषाशास्त्रज्ञ जिला आदिम भारोपीय भाषा म्हणतात, तिच्यात ‘शिजवणं’ या अर्थाचा ‘पेक्व’ असा धातू होता. तो कुठे लिहून ठेवलेला सापडलेला नाही. लेकी-नातींची तोंडं बघून पणजीचं नाक कसं असेल ते ताडावं, तसा तो अनेक भाषा समोर ठेवून ताडलेला आहे.

क चा च का झाला, हे तोंडातच करून बघता येतं. ‘कू’ म्हणा आणि जीभ कुठे लागते ते बघा: मागे, घशाजवळ. आता ‘की’ म्हणा. जीभ पुढे सरकली. पुढे येणारा ए किंवा इ स्वर जिभेला आधीच पुढे ओढतो. शतकानुशतकं असं ओढत राहिलं की क तालूपाशी जाऊन च होऊन बसतो. रशियनच्या पूर्वज भाषेत ए पुढे आला तिथे क चा च झाला, म्हणून पेच्योत. उ किंवा तसला मागचा स्वर आला तिथे क टिकला, म्हणून पेकू. संस्कृतच्या पूर्वज भाषेतही हेच घडलं, पण तिथे नंतर त्या ए चा अ झाला. म्हणून ‘पचति’मध्ये च दिसतो, आणि ज्याने तो च केला तो ए मात्र दिसत नाही. चोर पळून गेला, पाऊलखूण राहिली. आणि यात मला सर्वांत विलक्षण वाटते ती गोष्ट ही, की हे दोन बदल एकमेकांना न विचारता झाले. वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या लोकांच्या तोंडात, जिभेने एकच वाट धरली.

मग वस्तूचं नाव ‘पेच’ कुठून आलं? त्याचं जुनं रूप ‘पेक्ति’. धातूला ‘ति’ लावून नाम करायचं, जशी गती, मती, उक्ती. संस्कृतातही नेमका असाच शब्द आहे: ‘पक्ति’, म्हणजे शिजवणं, शिजण्याची क्रिया. आयुर्वेदात पचनाला आजही हा शब्द भेटतो. म्हणजे येमेल्या ज्या वस्तूवर झोपायचा, तिच्या नावाला सुट्टं करून बघितलं तर ते आपल्या ‘पक्ति’चं सख्खं भावंड निघतं. आधी अर्थ होता शिजण्याची क्रिया, मग ती क्रिया जिथे होते ती जागा, मग ती वस्तू.

पण ‘पेक्ति’चं ‘पेच’ कसं झालं, असा प्रश्न कुणी विचारेल, आणि विचारावाच. एका शब्दावरून असा दावा करू नये, नियम दाखवावा लागतो. रशियनमध्ये अशा ठिकाणचा ‘क्त’ ठरून ‘च’ होतो. आपल्याकडे रात्र म्हणजे ‘नक्त’. दिवसभर उपास करून रात्री सोडायचा त्या व्रताच्या नावात तो अजून आहे. रशियनमध्ये रात्र म्हणजे ‘नोच’. आपली ‘दुहिता’, तिकडे मुलगी म्हणजे ‘दोच’. पेच, नोच, दोच: तिन्ही एकाच साच्यातून निघाले. शेजारच्या स्लाव भाषांत हाच क्त दुसऱ्या वळणाने गेला. बल्गेरियनमध्ये ‘पेश्त’ आणि ‘नोश्त’. पोलिश आणि चेक भाषांत मात्र शेवटी येतो तो आपल्या चुलीतला च, दातांजवळचा. रशियनांकडे चहातला, पोलिशांकडे चुलीतला. देवनागरीत दोन्ही सारखेच लिहिले जातात, पण हा फरक कानाने टिपायला मराठी माणसाला कुणी शिकवावं लागत नाही.

या मुळाचे बाकीचे नातेवाईक भराभर सांगतो, कारण त्यांतले पुष्कळ आपल्या घरात आहेत. लॅटिनमध्ये या धातूचं तोंड बदलून ‘कोक्व’ झालं आणि तिथून ‘कुक’, ‘कुकर’ आणि ‘किचन’ आले. ‘बिस्किट’ म्हणजे दोनदा भाजलेलं. ग्रीकमधून पोटातल्या पाचक रसाचं नाव ‘पेप्सिन’. आणि मराठीत तर हे झाड काय फोफावलंय: संस्कृत ‘पक्व’चं प्राकृतात ‘पिक्क’ झालं, त्यातून पिकणं आणि शेतातलं पीक. पक्का, पक्वान्न, साखरेचा पाक, परिपाक. शेतकरी पीक काढतो आणि बाई स्वयंपाक करते, तेव्हा दोघांच्या तोंडी एकच धातू असतो. सूर्याने शिजवलं ते पीक, जाळाने शिजवला तो पाक.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांतून उलटंच पसरतं. रशियन भाषा संस्कृतातून निघालेली नाही, आणि संस्कृतही रशियनमधून नाही. ‘पेच’ हा ‘पाक’चा अपभ्रंश नव्हे. दोघी बहिणी आहेत, आई-लेक नाहीत. बहिणींच्या चेहऱ्यातलं साम्य बघायला हेच नातं पुरेसं सुंदर आहे, त्यात कुणाला मोठं करायची गरज नाही.

आता या शब्दाच्या कुटुंबातल्या त्या खोलीत जाऊ, जिथे मी सर्वांत जास्त वेळ रमतो. रशियनमध्ये दुःखाला एक शब्द आहे, ‘पेचाल’. त्यातही हाच पेच आहे. जुन्या भाषेत ‘पेचा’ म्हणजे काळजी, जिवाला लागलेली धग. कुणाची काळजी घेणं हे आजही ‘पेच्स्या’, शब्दशः एखाद्यासाठी स्वतः भाजत राहणं. अनाथ मुलाचं पालकत्व ‘ओपेका’. ज्याला कसलीच काळजी नाही तो ‘बेस्पेच्नी’, म्हणजे धग नसलेला. हे आपल्याला परकं वाटू नये. ‘पश्चात्ताप’ या शब्दात ताप आहे. ‘शोक’ ज्या शुच् धातूतून आला, त्याचा मूळ अर्थ जळणं, तळपणं. चिता मेलेल्याला जाळते आणि चिंता जित्याला, असं आपल्याकडे म्हणतातच. आई पोरासाठी जीव जाळते असं आपण म्हणतो, तेव्हा रशियन बाई काय म्हणते ते या एका शब्दात कळतं. याच कुटुंबातून ‘ओबेस्पेचेनिये’ निघाला, म्हणजे तरतूद, कुणाची काळजी मिटावी म्हणून केलेली सोय. आज संगणकाच्या सॉफ्टवेअरला रशियनमध्ये हाच शब्द वापरतात, ‘प्रोग्राम्नोये ओबेस्पेचेनिये’. कोडच्या ओळींच्या तळाशी अजून एक निखारा आहे.

दुसरी फांदी गुहेकडे जाते. पेचचं पोट म्हणजे कमानीची अंधारी पोकळी, म्हणून गुहेलाही त्याच मुळाचं नाव पडलं: ‘पेचेरा’, आणि चर्चच्या भाषेतून आलेलं ‘पेश्चेरा’. कीव शहरातला १०५१ पासूनचा प्रसिद्ध मठ साधूंच्या गुहांभोवती वाढला. त्याच्या पेचेर्स्क या नावात ती गुहा, म्हणजे पर्यायाने ती भट्टी आहे. यकृतालाही ‘पेचेन’ म्हणतात, कारण भाजून खाल्ला जाणारा तो अवयव.

मॉस्कोच्या सदनिकेत आज पेच नसते. तिथल्या गॅसच्या किंवा विजेच्या शेगडीला ‘प्लिता’ म्हणतात, तिच्या पोटातल्या भट्टीला ‘दुखोव्का’. रशियात शिकायला गेलेल्या मुलांना हे सांगून ठेवावंसं वाटतं, कारण शब्दकोशात बघून वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातल्या शेगडीला पेच म्हटलं तर समोरच्याच्या डोळ्यांपुढे खेड्यातली आजी उभी राहते. ‘पेच’ आता गावाकडच्या घरात आहे, कारखान्यात आहे (लोखंड वितळवणारी झोतभट्टीही पेचच) आणि मायक्रोवेव्हच्या पूर्ण नावात आहे. बोलताना मात्र लाडाचं ‘पेच्का’ हेच रूप जास्त ऐकू येतं. आणि ते सगळ्यांत जास्त कुठे? गाडीत. गाडीच्या आतल्या हीटरला लोक ‘पेच्का’ म्हणतात. बाहेर उणे वीस असताना टॅक्सीत बसलेली सवारी म्हणते, ‘पेच्का लावा.’ क्रांतीनंतरच्या टंचाईत घराघरांत आलेली लहान लोखंडी शेगडी ‘बुर्झुइका’. दुसऱ्या महायुद्धातल्या लेनिनग्राडच्या (आजच्या सेंट पीटर्सबर्गच्या) वेढ्यात, सप्टेंबर १९४१ पासून जानेवारी १९४४ पर्यंत, लोकांनी तिच्यात आधी लाकडं जाळली, मग खुर्च्या-टेबलं, मग पुस्तकं.

व्याकरणातली एक बारीक गोष्ट. ‘पेचवर’ म्हणायचं तर रशियन म्हणतो ‘ना पेची’, आणि आघात, म्हणजे उच्चारातला जोर, शेवटच्या ई वर. पेचबद्दल बोलायचं तर आघात आधीच्या अक्षरावर राहतो. जागा दाखवताना काही मोजके शब्दच असा आघात हलवतात. आपल्याकडे ‘घरात, दारात’ असं सगळीकडे असलं तरी ‘घरी’ आणि ‘दारी’ टिकून राहिले, तशीच ही रोज वापरल्यामुळे न झिजलेली जुनी खूण.

म्हणींत तर पेच जागोजागी आहे. ‘दोब्राया तो रेच, श्तो व इझ्बे येस्त पेच’: घरात पेच आहे, ही खरी चांगली बातमी. पाहुण्यांसाठी ‘श्तो येस्त व पेची, फ्स्यो ना स्तोल मेची’: पेचमध्ये असेल नसेल ते सगळं ताटात वाढ. एखादी गोष्ट अगदी पहिल्यापासून सुरू करायची झाली तर ‘पेच्कापासून नाचायचं’, कारण नाच शिकताना पहिलं पाऊल खोलीतल्या पेचपाशी उभं राहून टाकायचं. पेचच्या तोंडापुढच्या कट्ट्याला ‘शेस्तोक’ म्हणतात. ‘रातकिड्या, आपला शेस्तोक ओळखून रहा’ ही म्हण आपल्या ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’च्या शेजारची, पण जरा जास्त दरडावणारी. घरातला रक्षक आत्मा, ‘दोमोवोय’, पेचखाली राहतो असं मानत. नव्या घरात जाताना जुन्या पेचमधले निखारे भांड्यात भरून नेत, म्हणजे तोही बरोबर येतो.

आणि एक जुना विधी, ज्यात हा शब्द आपला सगळा अर्थ घेऊन उभा राहतो. जन्मलेलं मूल अशक्त असेल, वाळत चाललं असेल, म्हातारं दिसत असेल, तर गावातल्या बायका म्हणत की ते आईच्या पोटात नीट भाजलं गेलेलं नाही, कच्चं राहिलंय. आपल्या ‘कच्चीबच्ची’तला कच्चा इथे आठवावा. मग त्याला पुन्हा भाजायचं, याला ‘पेरेपेकानिये’ म्हणत. पेच आधी पेटवून, निववून, हाताला सोसेल इतकी कोमट ठेवलेली असे. मुलाला काही ठिकाणी राय (rye) या धान्याच्या पिठाच्या कणकेत गुंडाळत, नाकतोंड मोकळं ठेवून. मग त्याला पाव सरकवायच्या लाकडी फावड्यावर ठेवून म्हातारी हलकेच पेचच्या तोंडात घाली आणि बाहेर काढी, तीनदा. दुसरी बाई खिडकीबाहेर धावत येई आणि विचारी, ‘आजी, काय भाजतेस?’ आतून उत्तर येई, ‘पोराला लागलेलं म्हातारपण भाजतेय.’ बाहेरची म्हणे, ‘भाज, नीट भाज, पुन्हा कधी येऊ नये असं भाज.’